नाकेदाराच्या पट्ट्या

"पट्टी सैल तं मानूस सैल," असं म्हणत तो डाव्या पायाला खाकी पट्टीचा शेवटचा वेढा द्यायचा, टोक आत खोचायचा आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी पोटरीवर थाप मारायचा. मग उजवा पाय. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत एकही सुरकुती नाही. हा कार्यक्रम रोज सकाळी माझ्या ओट्यावर चाले, कारण त्याच्या खोलीला ओटा नव्हता.

चामोर्शीहून पुढे जंगलात आमचं लाकडाचं आगार होतं. मी तिथे हिशेबनीस. ओंडक्याची लांबी आणि गोलाई घेऊन घनफूट काढायचे, हे माझं काम. तो जंगलाचा शिपाई. आमच्याकडे त्याला नाकेदार म्हणतात. सगळं आगार त्याला नुसतं नाकेदारच म्हणे, आणि त्याची बायको नाकेदारीणबाई. जुने नाकेदार तुम्ही पाहिले असतील, तर त्यांच्या पायांवरच्या त्या पट्ट्या तुम्हाला आठवत असतील. बाकीच्यांच्या दुपारपर्यंत घसरून घोट्याशी जमा होत. याच्या संध्याकाळी परत येतानाही जशाच्या तशा असत.

दुसरी त्याची खूण म्हणजे "काईच नाई". एकदा बांबूची कामटी तळहातात आरपार घुसवून तो आला. माझ्या बायकोने हळद आणली. "फार दुखतं का हो?" तिने विचारलं.

"काईच नाई, वैनीबाई. बांबूले मी आवडलो, एवढंच."

दाराशी उभ्या असलेल्या नाकेदारीणबाई म्हणाल्या, "याईले इचारू नका. वाघानं अर्धा खाल्ला तरी उरलेला अर्धा हेच म्हनन."

हे नुसतं त्याच्या स्वभावातलं नव्हतं. तो जुन्या जमीनदारीतला शिपाई. तिथे नाकेदाराची भरती चालण्यावर होत असे. अंमलदार घोड्यावर पुढे, उमेदवार पायी मागे. वाटेत जो पाय दाबील, बुंध्याला टेकेल किंवा नुसता "हाश्श" म्हणेल, त्याला तिथूनच घरी पाठवीत. या चालण्यात आपण कसे पास झालो, हे तो वारंवार सांगे. पायात काटा होता आणि तो तसाच ठेवून पास झालो, हेही सांगे.

एकदा विहिरीवर त्याचे उघडे पाय मी पहिल्यांदा पाहिले. उजवा ठीक होता. डाव्या पोटरीवर मात्र पळसाच्या बुंध्याला वेल चढावी तशा निळ्या, गाठाळ शिरा वर चढल्या होत्या. मी बघतच राहिलो.

"पाहून काय राह्यले, बाबूजी? फीत आना अन् घ्या गोलाई. पह्यल्या नंबराचं सागवान निघन."

मला मापाशिवाय राहवत नाही. मी खरोखरच फीत आणली. डावी पोटरी उजवीपेक्षा चांगलीच जास्त भरली. तसं मी त्याला सांगितलं.

"म्हंजे घनफूट जास्त," तो म्हणाला. "भाव बी जास्त भेटन."

भाव ठरवायची वेळ लवकरच आली. जमीनदारी गेली, जंगल सरकारात आलं, आणि जुन्या शिपायांना सरकारी नोकरीत कायम करण्याआधी त्यांची तब्येत तपासली जाईल असा हुकूम निघाला. तपासणाऱ्या साहेबांनी पहिलंच वाक्य म्हटलं, "पट्ट्या सोडा." डावा पाय पाहून दुसरं म्हटलं, "या शिरांचा बंदोबस्त करून या. नाही तर नाव कमी होईल." इतक्या वर्षांच्या पायपिटीची एवढीच तपासणी. तो पाय किती चालला आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

बंदोबस्ताचे रस्ते दोन होते. एक नागपूरचा. तिथे मांडीपासून घोट्यापर्यंत चिरून शीर ओढून काढतात आणि माणूस पुष्कळ दिवस खाटेवर राहतो, असं ऐकलं होतं. नाकेदारीणबाईंनी तो ऐकताक्षणी मोडीत काढला. "कापाले पाय म्हंजे काय जळनाचा फाटा हाये?" दुसरा रस्ता चांद्याचा. तिथल्या एका डॉक्टरांकडे शिरेत औषधाची सुई देत. औषधाने शीर आतून चिकटून बंद होते. कापणं नाही, खाट नाही, त्याच दिवशी माणूस आपल्या पायांनी घरी जातो. नाकेदाराचा निर्णय तिथेच झाला. मलाही तोच बरा वाटला, आणि आगाराच्या कामाने मला चांद्याला जायचंच होतं. वैनगंगेवर डोंग्यात बसताना त्याने पाण्यापासून पट्ट्या जपल्या, मी कागद जपले.

डॉक्टर माणूस चांगले होते, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. त्यांनी घाई केली नाही. उलट सुरुवातीलाच म्हणाले, "ही सुई सगळ्यांना चालत नाही. आतली मोठी शीर मोकळी असेल, तरच वरच्या बंद करता येतात. मला आधी ते पाहू द्या." नाकेदाराने त्यातलं "तरच" तेवढं ऐकलं असावं. तो ताठ झाला.

"पूर्वी कधी लांबलेला ताप आला होता? त्यानंतर हा पाय सुजला होता?"

"नाई, साहेब."

"नीट आठवा."

"ताप मले येतच नाई, साहेब."

मग वरच्या शिरा दाबून धरायला डॉक्टरांनी त्याच्या मांडीला रबराचा पट्टा आवळून बांधला आणि व्हरांड्यात भरभर फेऱ्या घालायला सांगितलं. मी तिथेच बाकावर होतो. तो चालला तसा चालणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. छाती पुढे, हनुवटी वर, आणि चेहऱ्यावर हसू. व्हरांड्याला टिनाचं छत, दिवस चैत्राचे. त्याच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. ती उन्हाची, असं कोणीही म्हटलं असतं. चालणं संपल्यावर त्याने डॉक्टरांना चक्क सलाम ठोकला.

डॉक्टर वाकून त्याच्या शिरा पाहत राहिले. दाबून पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "नुसतं बघून मला नक्की सांगता येत नाही. आता तुमच्या सांगण्यावर आहे. चालताना पायात आतून ठणका आला? फुटतो की काय, असं वाटलं?"

"काईच नाई, साहेब."

"थोडंसुद्धा?"

"म्हनान तं याच पायानं मूल गावापर्यंत जाऊन येतो."

डॉक्टर हसले. मीही हसलो. सुई द्यायचं ठरलं.

पुढे काही खेपा झाल्या. शिरा आधी दोरीसारख्या कडक झाल्या, मग खाली बसल्या. नाकेदार पोटरी उघडी टाकून साऱ्या आगाराला दाखवीत फिरला. आराकसांना करवत थांबवून बघायला लावलं. तपासणारे साहेब या वेळी म्हणाले, "ठीक आहे." तो कायम झाला. त्या संध्याकाळी त्याने घरोघर बत्तासे वाटले. "दोन खेपा पास झालो, बाबूजी," तो म्हणाला. एक साहेबांकडची, हे मला समजलं. दुसरी कोणती, ते मी विचारलं नाही.

पावसाळ्यात पाय सुजायला लागला. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी उठल्याउठल्या. ओट्यावर बसून तो पट्टी गुंडाळायचा, पण ती अर्ध्यातच संपायची. मी म्हटलं, "दुखत असेल." उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळी पडली, फुटली, आणि तिथे जखम झाली. ती भरेना. एके दिवशी वरचे अधिकारी अचानक जंगलात आले, तेव्हा नाकेदार एका येनाच्या झाडाखाली पाठीवर झोपून पाय वर खोडाला टेकवून होता. तेवढ्यानेच त्याला बरं वाटायचं. अधिकाऱ्यांना कामात झोपलेला शिपाई दिसला.

आम्ही पुन्हा चांद्याला गेलो. या वेळी तो लंगडत होता, आणि ते लपवायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. डॉक्टरांनी पाय पाहिला, त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तोच जुना प्रश्न पुन्हा विचारला. ताप?

नाकेदाराने खाली बघत सांगितलं, "भामरागडले होतो तवा आला होता, साहेब. पावसात रस्ता बंद. मले माह्यं नाव याद नोतं. मंग हा पाय केळीच्या खांबावानी झाला. माडिया लोकायनं पेज पाजून जगवलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तवाच्या हजेरीत मी गस्तीवर होतो, साहेब. तापानं पडलो म्हनलं असतं, तं जुनी हजेरी खोटी निघाली असती. नोकरी कायम होऊन राह्यली होती."

"मी ते कुणाला सांगणार होतो?"

"साहेब साहेबाले ओळखते," नाकेदार म्हणाला.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. "आणि त्या दिवशी पट्टा बांधून चालवलं, तेव्हा? तेव्हाही दुखलं नाही?"

"दुखलं ना. जीव जाऊन राह्यला होता." तो खरोखर आश्चर्याने म्हणाला, "पन चालाच्या परीक्षेत कोनी दुखते म्हनते का, साहेब?"

डॉक्टरांनी मला उद्देशून, अगदी हळू सांगितलं, "मोठा रस्ता पुरात वाहून गेला, की गाड्या जंगलातल्या चाकोरीने जातात. त्या तापात यांची आतली मोठी शीर बंद झाली. रक्त वरच्या या वेड्यावाकड्या शिरांतून जात होतं. मी चाकोरीही बंद केली." मग त्यांचं लक्ष नाकेदाराने शेजारी ठेवलेल्या खाकी गुंडाळ्यांकडे गेलं. "या रोज बांधत होतात? किती आवळून?"

"सैल बांधली तं..." नाकेदाराने सुरुवात केली आणि थांबला.

"या पट्ट्यांनीच पाय टिकवला होता," डॉक्टर म्हणाले. "सुई नसती दिली, नुसत्या या बांधत राहिला असतात, तर पाय पुष्कळ वर्षं चालला असता."

पण पट्ट्या सोडूनच तर साहेबांनी त्याला तपासलं होतं. आणि सुईशिवाय तो कायम होणार नव्हता. मी आयुष्यभर बेरजा केल्या आहेत. या एका गोष्टीची बेरीज मी किती बाजूंनी मांडून पाहिली. खरं सांगितलं असतं, तर पाय राहिला असता आणि नोकरी गेली असती. खोटं सांगितलं, तर नोकरी राहायला हवी होती. तीही राहिली नाही. बसून करायची जागा नाही, असं सांगून साहेबांनी त्याला काढलं. ज्या पायाला "ठीक आहे" म्हटलं होतं, त्याच पायासाठी काढलं.

तो गेला त्या सकाळी माझ्या ओट्यावर शेवटचा बसला. उजव्या पायाला पट्टी बांधली, टोक खोचलं, थाप मारली. डाव्याला धोतराचं फडकं होतं. दुसरी पट्टी त्याने गुंडाळून बायकोच्या हातात दिली. "अर्धा नाकेदार तं हाव ना अजून, बाबूजी?" असं म्हणून तो मुलचेऱ्याच्या बाजूला सासुरवाडीकडे जाणाऱ्या बैलगाडीत चढला. चढायला दोघांनी हात दिला. दुखतं का, हे मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी चामोर्शीच्या बाजारात नाकेदारीणबाई दिसल्या. चिंचेची टोपली पुढे घेऊन बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. मी समोर उकिडवा बसलो.

"जखमेतून ताप चढला," त्या म्हणाल्या. "या खेपेस उतरला नाई."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, त्या पट्ट्या अजून आहेत का?

"नाई. त्याईले नेलं तवा संगच देल्ल्या. मीच बांधल्या, दोनी पायाले. सुजलेल्या पायाले पुरे नाई, तं माह्या लुगड्याचा तुकडा जोडला. सैल नाई ठेवल्या." एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी चिंच मोजून त्याच्या पदरात घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आवळताना मी इचारलं, दुखते का म्हनून. सवय होती ना, बाबूजी. पह्यल्यांदाच ते 'काईच नाई' म्हनले नाई."