परत येण्याचं सबळ कारण

लॉन्ड्रीवाल्या काकूंचा व्हिसा पहिल्यांदा नाकारला गेला, तेव्हा त्यांना वाटलं फोटो नडला. पासपोर्टमधल्या फोटोत त्या खरंच कुणाचा तरी खून करून दमून बसल्यासारख्या दिसत होत्या. पण कारण वेगळंच निघालं. ‘आपण मुदतीत मायदेशी परताल याची खात्री वाटत नाही,’ असं त्या युरोपातल्या देशाने कळवलं होतं. आणि तिकडे काकूंच्या लेकीला सातवा महिना लागला होता.

एजंटने विम्याचा कागद, बँकेचं स्टेटमेंट, लेकीचं आमंत्रणपत्र, जाण्यायेण्याचं बुकिंग असा सगळा संसार पुन्हा टेबलावर मांडला. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायची त्याला खोड होती.

“अहं... मावशी, काका गेले. लेक तिकडे. इथे तुमचं आहे कोण?”

“जाऊ आहे.”

“अहं... जावेसाठी कोण परत येतं?”

“मी येईन. कोर्टात खेचलंय तिला.”

एजंट घसा साफ करायचा विसरला. “पुढची तारीख कधीची?”

धाकट्या जावेचं ब्युटी पार्लर लॉन्ड्रीला खेटून होतं. फेशियल करून घेताना गिऱ्हाइकांना परक्या पुरुषांच्या चड्ड्या वाळताना दिसतात, म्हणून तिने मधे उंच भिंत घातली आणि काकूंच्या दोऱ्यांवरचं ऊन गायब झालं. चादरी वाळेनात, काकूंचं तोंड मिटेना. शेवटी दावा लागला. एजंटने तारखेचा तो कागद सगळ्यांत वर ठेवला. “अहं... हुकमाचा एक्का आहे हा.”

त्याच संध्याकाळी जाऊ दारात हजर.

“जाऊबाई, भिंत पाडते मी. दावा मागे घ्या. पोरीचं बाळंतपण तोंडावर आलंय, कशाला शिव्याशाप?” मग आवाज खाली आणून म्हणाली, “शिवाय माझ्याकडेही अंधार झालाय. काल एकीची अख्खी भुवई उडाली.”

हे ऐकायला काकू तीन वर्षं टपून बसल्या होत्या. आता ऐकलं आणि त्यांनी तिच्यावरच बोट रोखलं.

“एक वीट काढलीस तर याद राख.”

“अहो, मी माघार घेतेय.”

“घेऊ नकोस ना. माझा व्हिसा तुझ्या भिंतीवर उभा आहे.”

सगळं कळल्यावर जाऊ उंबऱ्यातच बसली आणि पोट धरधरून हसली. “म्हणजे मी वाईटच राहायचं?”

“जमेल तेवढं.”

“जमेल की. तुमच्याच हाताखाली शिकलेय.”

मुलाखतीच्या खिडकीतल्या साहेबाने विचारलं, “परत याल कशावरून?” एजंटने पाठ करून घेतलेली उत्तरं काकूंच्या डोक्यातून उडाली. त्यांनी भिंतीपासून सुरुवात केली, चादरींच्या कुबट वासावर आल्या आणि जावेची ठुमकत चालायची पद्धत जागेवरच करून दाखवली. मागचे लोक खुर्च्या पुढे ओढून ऐकू लागले. साहेबाने दोनदा घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, “पुढे?”

पासपोर्ट परत आला तो आत व्हिसा चिकटवूनच. जावेने तर गवंडीही आणून बसवला होता.

“आता पाडू?”

“नाही.”

“अहो, झालं की तुमचं काम.”

“मी नसताना हात लावायचा नाही. तीन वर्षं शिव्या घातल्यात हिला. पडताना मला समोर खुर्ची टाकून बघायचंय.”

“आणि नातवात रमून तिकडेच राहिलात तर?”

काकूंनी तिच्याकडे असं काही बघितलं, की जावेने गवंड्याला मुकाट्याने परतीच्या विमानाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ देऊन टाकली.