डाव्या अंगाची जागा

आई पहिल्यांदा आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर, अगदी डाव्या कडेला येऊन बसली, तेव्हा मला तिचा भयंकर राग आला होता. ती जागा माझी होती. बाबा डोळखांब ते शहापूर जीप चालवायचे आणि मी त्याच जीपने अकरावीला जायचे. मागे माणसं कोंबलेली, टपावर भाजीच्या पाट्या, दोघं-तिघं मागच्या फळीवर लोंबकळणारे, आणि मालकाची मुलगी म्हणून मी पुढे खिडकीपाशी. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला एवढा तोरा असायचाच. आईने तो एका सकाळी मोडला. मांडीवर लाल भोपळा घेऊन ती चढली आणि म्हणाली, "तू मागं बस. मना बाजारात भोपला इकायचाय."

भोपळा संध्याकाळी परत आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, पुन्हा आला. देठाजवळ उंदराने कुरतडल्याची खूण होती, त्यामुळे तो तोच भोपळा आहे हे ओळखायला बुद्धी लागत नव्हती. आई ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई नव्हती, म्हणून मला जास्तच नवल वाटलं. विचारलं तर म्हणाली, "भाव नाय." महिनाभर भाव नव्हता.

बरं, बसायचं तर गप्प बसावं. तेही नाही. गाडी सुटली की तिचं तोंड सुटायचं. "ती बघा म्हस, डांबरावरच बसली जशी बापाची जागा." "तो सायकलवाला आज लवकर निघाला वाटतं." "ही पोरां बघा, शाला सोडून गोट्या खेलतात रस्त्याच्या कडंला." मधे बसलेली माणसं हसायची. मागून कोणीतरी ओरडायचं, "मावशे, तुजा रेडिओ बारीक कर जरा!" माझ्या वर्गातल्या मुली एकमेकींना कोपराने ढोसायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबा चिडून म्हणायचे, "गप गो, डोस्का फिरवलंस." पण असं म्हणताना त्यांचे हात स्टिअरिंग थोडं उजवीकडे घ्यायचे. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

बाबांचे डोळे आमच्या गावात नावाजलेले होते. शेणव्याच्या वळणावर समोरून येणाऱ्या गाडीची पाटी ते कोणाच्याही आधी वाचायचे. आळीतल्या बायका गोधडी शिवायला बसल्या की सुया घेऊन आमच्या ओट्यावर यायच्या. बाबा तोंडातली विडी न काढता एकामागून एक सुई ओवून द्यायचे. "घारीचे डोळे हायेत," असं बायका म्हणायच्या आणि बाबांना ते आवडायचं. त्यामुळे पुढे जे जे होत गेलं, त्याचा डोळ्यांशी संबंध असेल हे कोणाच्या मनातही आलं नाही.

होत काय गेलं? आई पुढे बसायला लागण्याच्या बऱ्याच आधी, सुरुवात रामरामापासून झाली. बाजारात डाव्या बाजूने कोणी हात केला तर बाबा सरळ निघून जायचे. चुलत्याच्या सासऱ्याला त्यांनी असंच ओलांडलं आणि त्या म्हाताऱ्याने सगळ्या भावकीत सांगितलं, की गाडी आली तशी मग्रुरी आली. मग जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला तांब्या सांडायला लागला. रोज. आईने तांब्या उजवीकडे ठेवायला सुरुवात केली. गोठ्याच्या दाराची चौकट त्यांच्या डाव्या खांद्याला लागायची. खांदा काळानिळा झालेला असायचा आणि बाबा चौकटीलाच शिव्या द्यायचे. मग एके दिवशी चाकाखाली शेळीचं करडू आलं. तिथल्या लोकांनी त्यांचं तोंड हुंगून पाहिलं. बाबांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण त्या दिवसापासून ते पितात असं ठरून गेलं. मीही एकदा रात्री त्यांच्या अंथरुणाजवळून जाताना वास घेतला. विडीशिवाय कसलाच वास नव्हता.

घरात काहीतरी शिरलं होतं आणि आम्ही कोणी त्याच्याकडे बोट दाखवत नव्हतो.

आईला ताप भरला त्या दिवशी मला माझी जागा परत मिळाली. मी खुशीत होते. सापगावच्या पुलावर आलो तेव्हा डाव्या कडेने दोन बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन शहापूरकडे चालल्या होत्या. पूल अरुंद, कठडे गुडघ्याएवढे, खाली भातसा नदी. मला त्या बायका लांबून दिसल्या होत्या. घारीचे डोळे असलेल्या माणसाला त्या दिसल्या नसतील असं मला का वाटावं? हॉर्न वाजला नाही. गाडी उजवीकडे सरली नाही. मागच्या बाईच्या टाचेची भेग मला दिसायला लागली तेव्हा मी ओरडले, "बाबा!"

ब्रेक लागले. आरसा मोळीला अडकला, मोळी कठड्यावरून नदीत गेली आणि ती बाई कठड्याला मिठी मारून खाली बसली. तिला खरचटलंही नव्हतं. पण जिवाच्या आकांताने ती जे ओरडत होती ते मला अजून ऐकू येतं. गाडीतली माणसं बाबांना वाटेल ते बोलत होती. आणि बाबा समोरच्या मोकळ्या रस्त्याकडे बघत मला विचारत होते, "काय झाला गो? काय आडवा आला?"

बाई आमच्या डाव्या चाकाशी होती, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर. मी बोट दाखवलं. त्यांनी मान वळवली, आणखी वळवली, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत वळवली, आणि मग त्यांना ती दिसली. तेव्हा त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझे बाबा घाबरले होते.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती तापातच उठून बसली आणि तिने पहिला प्रश्न विचारला, "कोण मेला?"

कोणी नाही म्हटल्यावर ती रडली आणि मग तिने सगळं सांगितलं. करडू मेलं त्यानंतर ती डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावर भगताकडे गेली होती. भगताने तांदूळ मांडून सांगितलं होतं, की तुझ्या नवऱ्याच्या डाव्या अंगाला कोणीतरी उभा राहतो. त्याच्या आड जे येईल ते नवऱ्याला दिसायचं नाही. त्याने काळा दोरा दिला होता. बाबा दोरा बांधून घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने तो जीपच्या डाव्या दाराच्या कडीला बांधला. पण तेवढ्याने तिचं समाधान होईना.

"मंग मीच जाऊन बसले तिथं," ती म्हणाली. "म्हटला, जागाच नाय ठेवली तं तो उभा कुठं रातो बघू. पण बसल्यावर बघितला, भगत खोटा नाय बोलला. यांना खरंच तिकडचा काय दिसत नाय. मंग मी बोलाया लागले."

"बाबांना माहीत आहे?"

"इचारायची सोय हाय का त्यांना?"

मी म्हटलं, डोळे दाखवूया. ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत राहिली. "डोल्यांना काय झालाय? सुई ओवतात की."

त्या दिवसापासून मला आमच्या जीपची भीती वाटायला लागली. आई पुन्हा भोपळा घेऊन डावीकडे बसायला लागली आणि मी तिच्या बरोबर मागे. ती डोळ्यात तेल घालून रस्ता बघायची, मीही बघायचे. मागे माणसं हसायची, पोरं लोंबकळायची, एखादी बाई तान्हं पोर पदराखाली घ्यायची, आणि सगळ्यांचा जीव माझ्या आईच्या बडबडीवर टांगलेला होता. तिला एखादी शिंक आली, की तेवढ्यात मी मान लांब करून डावीकडचा रस्ता बघून घ्यायचे.

भाताची झोडणी आटपली त्या सुमारास मुरबाडला एका शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलं. माझा मामा मुरबाडचा. त्याने निरोप धाडला, की तुमच्याकडची म्हातारी माणसं गाडीत घालून आणा, मोतीबिंदू असेल त्यांचा पुढे फुकट ऑपरेशनसाठी नंबर लागेल. बाबांनी जीप भरली. कोणाच्या डोळ्यावर सारा, म्हणजे पडदा, आलेला, कोणाच्या बुबुळावर पांढरं फूल, कोणी सुनेचा हात धरल्याशिवाय पाय टाकत नव्हतं. सगळ्यांना चढवताना बाबा चेष्टा करत होते, "बसा आंधल्यानो, आज तुमचा राजा मीच." आई डावीकडे होतीच. किन्हवलीवरून मुरबाडपर्यंत ती बोलत राहिली आणि आम्ही सुखरूप पोचलो.

शाळेच्या एका वर्गात तक्ता टांगला होता. न शिकलेल्यांसाठी त्यावर तीन दातांच्या कंगव्यासारखी चित्रं होती. दात कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. आमची माणसं वरच्या ओळीलाच अडत होती. बाबा दारात उभे राहून बघत होते आणि त्यांना राहवेना. मी तक्ता दाखवणाऱ्या ताईंच्या कानाशी लागले होते, की माझ्या वडिलांनाही बसवा. पण त्याची गरज पडली नाही. बाबा आपणहून स्टुलावर जाऊन बसले. "माजा बघा. दाखवतो यांना."

दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यांनी शेवटची ओळ दाखवली. मग ताईंनी डावा डोळा झाकला. पुन्हा शेवटची ओळ, न चुकता. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. मग ताईंनी पुठ्ठ्याचा तुकडा उजव्या डोळ्यावर धरला.

बाबांनी हात पुढे करून हवेत चाचपलं.

"लाइट गेली काय?" त्यांनी विचारलं.

भर दुपार होती. खिडक्या उघड्या होत्या आणि बाबांच्या मांडीवर ऊन पडलं होतं.

ताईंनी पुठ्ठा खाली घेतला आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी बराच वेळ डोळ्यात दिवा टाकून पाहिलं, डोळ्याचा दाब मोजला आणि मग आम्हाला तिघांना बसवून सांगितलं. हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे. डोळ्याच्या आतलं पाणी निचरत नाही, दाब वाढतो आणि मागची नस सुकत जाते. दुखत नाही, लाल होत नाही, समोरचं शेवटपर्यंत दिसतं, म्हणून माणसाला कळतच नाही. डावा डोळा पूर्ण गेलेला आहे. उजव्याचीही नाकाकडची बाजू गेली आहे, म्हणून डावीकडचं काहीच दिसत नाही.

"आपरेशन करा मंग," आई म्हणाली.

"ऑपरेशननं दाब कमी होईल, पण गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली आपण सांभाळू. थेंब रोज, आयुष्यभर, एक दिवससुद्धा न चुकता." डॉक्टर लिहीत होते. "काम काय करता?"

"गाडी चालवतो," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आजपासून नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे रक्तात येतं. चाळिशी आली की तू दरवर्षी तपासून घ्यायचं."

मी घेते. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, पुढे बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. बाबांचा उजवा डोळा त्या थेंबांवर पुढे बरीच वर्षं टिकला, म्हणून माझाही टिकेल असं मी स्वतःला सांगते. पण दोन दिव्यांच्या मधे जरा वेळ गेला, की माझं बोट उगाच बटणावर जातं. दिवा लागला नाही, की लागला आणि मला दिसला नाही? तपासणारी मुलगी म्हणते, घाबरू नका, असं सगळ्यांनाच वाटतं.

त्या दिवशी बाबा डॉक्टरांना "बरं" म्हणून उठले आणि सरळ जीपकडे गेले. मला वाटलं ते किल्ली तिथेच आलेल्या मामाकडे देतील. त्यांनी दार उघडलं आणि स्टिअरिंगला बसले. उन्हं उतरायला लागली होती. म्हाताऱ्यांना चढवून झालं होतं. गुरं घराकडे निघायची, कामावरची माणसं रस्त्याने चालायची ती वेळ, आणि माझ्या डोळ्यांपुढे सापगावचा पूल. मी आईचा हात घट्ट धरला. ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाबांनी गाडी चालू केली. "चल गो, बस," ते आईला म्हणाले.

आई गाडीला वळसा घालून मागे गेली आणि म्हाताऱ्यांच्या मधे जाऊन बसली.

बाबा वाट बघत राहिले. मग त्यांनी ती सबंध मान वळवली, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत, आणि डावीकडची सीट रिकामी आहे हे पाहिलं.

"पुढं ये," ते म्हणाले.

"नाय येत," आई मागून म्हणाली. "मी आता काय सांगायची नाय."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. एवढे महिने ती काय करत होती ते त्यांना ठाऊक होतं आणि तिलाही ते ठाऊक होतं. मी त्या दोघांच्या मधे जमिनीवर उभी होते आणि इंजिन नुसतं थरथरत होतं.

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. ते मागे न बघता मोठ्याने म्हणाले, "उतरा समदी. मना दिसत नाय."

मागे कुजबुज झाली. मग एक म्हातारी, जिला आम्ही दोघींनी उचलून चढवलं होतं, ती म्हणाली, "आमाला तरी कुठं दिसतंय बाबा? चल तू."

कोणी हसलं नाही. आई पहिली उतरली आणि तिने त्या म्हातारीपुढे हात धरला.