वाळवंटातल्या गावात काकू

आमच्या मजल्यावरच्या काकू कुठेही गेल्या, की पहिला प्रश्न विचारायच्या, "इथं आधी काय होतं?" गिरगाव सोडून त्या मीरा रोडला सिल्व्हर पार्कात आल्या, तेव्हा घरातले बाकीचे कपाळाला हात लावून बसले होते. काकूंनी मात्र जवळच्या गोडदेव गावाहून मासे आणणाऱ्या मावशीला जिन्यात बसवून चहा दिला आणि विचारलं. "मीठ पिकत होता, बाय. भाताची शेता होती," मावशी म्हणाली. "मग काळजी नाही," काकू मला म्हणाल्या, "जिथं काही पिकलंय तिथं माणूसही रुजतो."

काका गेल्यावर लेक त्यांना अमेरिकेत घेऊन गेली. अ‍ॅरिझोनातलं मेसा, वाळवंटात पसरलेलं अवाढव्य उपनगर. पहिले फोन ऐकवत नसत. "अगं, रस्ते मैदानाएवढे, घरं सगळी बुटकी, एकसारखी, आणि रस्त्यावर माणूस नाही. दार उघडलं की तव्याची धग. दिवाळीला परत येतेय मी, घर झाडून ठेव." किल्ली माझ्याकडेच होती. ठेवलं झाडून.

मग त्या सकाळी कालव्याकाठी फिरायला लागल्या. तिथं शेजारचे म्हातारे वॉल्टर भेटले. काकूंनी मोडक्या इंग्रजीत त्यांना नेहमीचा प्रश्न टाकला, आणि त्या संध्याकाळी माझा फोन तापेपर्यंत बोलल्या. "फार पूर्वी इथल्या मूळ लोकांनी हातांनी कालवे खणले गं. मग ते निघून गेले, सगळं बुजलं. कित्येक शतकांनी दुसरे आले, त्यांनी तेच कालवे उकरून शेती केली. कापूस, संत्री. आता बागा तोडून घरं. आपल्यासारखंच की!"

वॉल्टरच्या अंगणात जुन्या बागेतली चार संत्र्याची झाडं उरली होती. कालव्याचं पाणी घरोघरी पाळीनं येतं. ऐन उन्हाळ्यात वॉल्टर घसरून पडले, इस्पितळात गेले, आणि नेमकी त्यांची पाण्याची पाळी आली. लेक-जावई ऑफिसात. काकूंनी साडी खोचली आणि त्यांच्या अंगणातली पाण्याची झडप फिरवायला घेतली. ती हलेना. समोरची रोझा फावडं घेऊन धावत आली. दोघींनी मिळून झडप उघडली, फुटलेला बांध पुन्हा घातला. "ती स्पॅनिशमध्ये ओरडतेय, मी मराठीत. पाणी मात्र बरोबर झाडाच्या मुळाशी गेलं!" फोनवर काकू इतक्या हसल्या, की मला काका असतानाची त्यांची हसण्याची तऱ्हा आठवली.

त्या दिवाळीला त्या आल्या नाहीत. हिवाळ्यात वॉल्टर काठी टेकत घरी आले, तेव्हा झाडं लगडली होती, त्याचा फोटो तेवढा आला.

गेल्या वर्षी आल्या, त्या घर रिकामं करायला. डबे, कुंड्या, पाटा, सगळं शेजाऱ्यांना वाटून टाकलं. मी न राहवून म्हटलं, "काकू, इथं करमत नव्हतं का हो?"

"इथं करमलं, म्हणून तर तिथं करमवून घेता आलं," त्या माझ्या गालावर हात ठेवून म्हणाल्या.

गाडीत बसताना त्या रडतील म्हणून मी रुमाल काढून ठेवला होता. तो मलाच लागला. काकू फोनवर रोझाशी बोलत होत्या, चक्क मराठीत, "हो गं, निघालेच."