बिनसातबाऱ्याचं पीक

सुरुवातीलाच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचक आहे. बहुतेक अनुभव वाचून मनात म्हणतो, वारा असेल, उंदीर असेल, नाहीतर ॲसिडिटी असेल. मोजमाप हाच माझा धंदा... जे मोजता येत नाही ते मला पटत नाही. माझी अडचण एवढीच आहे, की ही गोष्ट मोजली गेली आहे.

मी लातूरच्या एका खासगी प्रयोगशाळेत पर्यावरण विभागात काम करतो. आमच्या भागात उसाचा रस काढून उरलेल्या चोथ्यावर, म्हणजे बगॅसवर, वीज करणारे कारखाने आहेत. त्यांना चालवायची संमती मिळते ती अटींवर. धूर किती, राख किती, सांडपाणी कसं, आवाज किती. या अटी पाळल्या जातात की नाही हे मोजायचं आणि अहवाल लिहायचा. नातेवाइकांना मात्र अजून वाटतं की मी सरकारी झाडं लावतो. नांदेडला एम.एस्सी. करताना घरून एकच पालुपद असायचं, "पर्यावरणशास्त्र शिकून काय होतंय? बी.एड. तरी करून ठेव."

अर्चना त्याच वर्गात होती. ती नायगावची. तिच्या घरीही हेच पालुपद, त्यामुळे आमचं जमलं. पुढे लग्न झालं आणि नोकरीही एकाच प्रयोगशाळेत लागली. धूर मोजायला चिमणीवर चढताना मला दरदरून घाम फुटायचा, ती चढायची गाणं म्हणत.

आवाज मोजणं हे दिसायला सगळ्यात सोपं काम. तिपाईवर मीटर लावायचं, भिंतीपासून लांब, उघड्यावर, आणि अर्धा तास तोंडाला कुलूप. मीटर आवाज रेकॉर्ड करत नाही. आवाज किती मोठा आणि कुठल्या पट्टीतला, एवढंच सेकंदाचे आठ तुकडे करून साठवतं. आपण दहा पावलं लांब बसून कागदावर लिहायचं, दहा बारा - मोटारसायकल, दहा वीस - कुत्रं. नंतर लॅपटॉपवर आलेख काढला की जिथे रेघ वर उठते त्याला आम्ही पीक म्हणतो. प्रत्येक पीक कागदावरच्या नोंदीशी जुळवायचं. नोंद नसलेलं एक जरी पीक निघालं, किंवा मोजणाऱ्याचाच आवाज शिरला, तरी आमच्याकडे ते रीडिंग रद्द धरतात.

शेतकऱ्यांच्या पोरांनी 'पीक' या अर्थानं म्हणायचं याची अर्चनाला भारी गंमत वाटायची. नोंद सापडली नाही की विचारायची, "याचा सातबारा कुठाय?" तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळेत सगळेच अशा पिकाला बिनसातबाऱ्याचं पीक म्हणतात.

आणि तीच बाई अर्धा तास गप्प बसू शकायची नाही! पंचवीस मिनिटं कशीबशी काढायची. मग चुळबुळ सुरू. आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला हमखास, "झालं का हो?" कॉलेजात असताना "झालं का रे" होतं, लग्नानंतर चिडवायला म्हणून "हो". झालं! रीडिंग रद्द, पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. मी तिच्यावर खूप चिडलोय. एकदा गावातल्या लोकांसमोर बोललो, "तुला हे काम जमत नसेल तर घरी बस." त्यानंतर ती फील्डवर गप्प राहायला शिकली. ओठ मुडपून, माझ्याकडे न बघता. ते वर्ष मी कुठल्या तोंडानं समाधानात काढलं, ते आता मलाच कळत नाही.

पुढच्याच वर्षी ती आजारी पडली. न्यूमोनियाचं निमित्त झालं. नांदेडच्या दवाखान्यात शेवटचे दिवस तिच्या घशात नळी होती. बोलता येत नव्हतं. तिची आई उशाशी बसून असायची आणि अर्चना बोटानं चादरीवर काहीतरी लिहायची. आम्हा दोघांनाही ते वाचता आलं नाही.

या गोष्टीला दोन वर्षं होत आली होती. यंदा औशाच्या पुढे एका गावातून तक्रार आली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. बॉयलरची जादा वाफ सोडली की मास्तरांचं बोलणं मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, अशी शाळेची तक्रार होती. आमच्या मोजणीवर ठरणार होतं, की संमतीच्या नूतनीकरणात वाफेच्या पाइपला सायलेन्सर बसवायची अट घालायची का नाही. गाळप हंगाम आठवड्यात संपणार होता. बॉयलर थंड झाला, की विषय पुढच्या वर्षावर.

रविवार होता, शाळेला सुट्टी. सकाळचे दहा. मोकळं मैदान, चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण, लिंबाचं एक झाड. माझ्यासोबत आमचे जुने टेक्निशियन सलीमभाई. औशाचेच, साठीला टेकलेले, गाडीही तेच चालवतात. ते फाटकावर उभे राहिले, कुणी आत येऊ नये म्हणून. मीटर आधी तपासून घेतलं आणि मी लिंबाखाली कागद घेऊन बसलो.

अर्धा तास झाला. वाफ दोनदा सुटली, एक ट्रॅक्टर गेला, कावळा ओरडला. सगळं लिहिलं. ते सोडून मला काहीही ऐकू आलं नाही. हे पुन्हा लिहितो, कारण सगळं त्याच्यावरच आहे: काहीही ऐकू आलं नाही. अंगावर काटा नाही, गारवा नाही, अत्तराचा वास नाही. तुमच्या अनुभवांत येतं त्यातलं काहीच नाही.

व्हरांड्यात लॅपटॉप उघडला. वाफ जुळली, ट्रॅक्टर जुळला, कावळा जुळला. आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला एक पीक. दीड सेकंदाचं. चोपन्न डेसिबल. कागदावर त्या वेळेसमोर कोरी जागा.

मी सलीमभाईंना हाक मारली. "तुम्ही बोललात का? फोन आला होता?"

"न्हाई साहेब. फोन गाडीत हाय. मी तर खोकलोबी न्हाई."

मीटर पुन्हा तपासलं, अगदी ठीक. वारा म्हणावा तर वाऱ्याचा उठाव खालच्या पट्टीत येतो, पाखराचा वरच्या. हा मधल्या पट्टीत होता, जिथे माणसाचं बोलणं येतं. बाईमाणसाचं. मी तो भाग मोठा करून पाहिला. आधी दोन उंचवटे, मग एक बारीक, मग शेवटी लांबत वर गेलेला, प्रश्न विचारताना आवाज जातो तसा.

ती अर्चना होती असं मी म्हणत नाही. ते पीक 'झालं का हो' एवढ्या लांबीचं आणि त्याच आकाराचं होतं, एवढंच म्हणतो.

सलीमभाई खांद्यावरून बघत होते. सुरुवातीला म्हणाले, "चिडिया लिहून टाका की साहेब. झाडावर व्हती म्हणा. कोण बघून राहिलंय?" मग त्यांची नजर वेळेच्या आकड्यावर गेली. नंतर हळूच म्हणाले, "बाईंची बोलायची वेळ हीच व्हती, न्हाई का?"

पक्षी असं लिहिलं असतं तर काम भागलं असतं. हात धजेना. मी 'रद्द' असा शेरा मारला, कारणाची जागा कोरी ठेवली, आणि नियमाप्रमाणे पुन्हा मीटर लावलं.

तो दुसरा अर्धा तास मला कुणी विचारू नये. सत्ताविसावं मिनिट उलटलं तेव्हा मी कान इतके टवकारले होते की स्वतःच्या नाडीचा आवाज येत होता. मनात नुसतं एकच... बोल. रद्द होऊ दे, दहा वेळा रद्द होऊ दे, दिवसभर बसतो इथे. बोल ना.

रीडिंग स्वच्छ आलं. एकही पीक बिननोंदीचं नाही. शाळेसाठी हवं होतं तसं. त्याच्यावर अहवाल गेला आणि सायलेन्सरची अटही पडली. मी गाडीत बसून रडलो. सलीमभाईंनी गाडी चालू केली नाही, मी आवरेपर्यंत थांबले.

रद्द रीडिंगच्या आलेखाचा कागद फाइलीत लागतो. मी त्याची एक प्रत जास्तीची काढली. पुढच्या महिन्यात नांदेडला काम निघालं, तसाच पुढे नायगावला गेलो. सासूबाईंना मी मामी म्हणतो. त्या अंगणात तूर निवडत बसल्या होत्या. सांगावं की नाही हे ठरत नव्हतं. माझ्यासारख्या माणसानं असलं काही सांगायचं म्हणजे... पण सांगितलं. कागद पुढे केला. मामींना अक्षरओळख बेताची. त्यांनी रेघेवरून बोट फिरवत नेलं आणि जिथे ती उठली होती तिथे बरोबर थांबल्या.

"हे का?"

"हं."

"तुमाला आयकू आलं?"

"नाही मामी. मला काहीच आलं नाही. मशीनला आलं."

मला वाटलं आता त्या देवऋषाचं नाव काढतील, नाहीतर मला खुळ्यात काढतील. मामींनी हातातली तूर सुपात टाकली.

"जावईबापू, एकच सांगा. आवाज फुटला व्हता का तिला? नीट?"

मला क्षणभर समजलंच नाही. मग चादरीवरचं ते बोट आठवलं. दोन वर्षं ही बाई हाच घोर घेऊन बसली होती, की आपली लेक मुकी गेली.

आता शास्त्र असं सांगतं, की बोलणारा किती लांब आहे हे माहीत नसेल तर चोपन्न या आकड्यावरून त्याच्या आवाजाबद्दल काहीच म्हणता येत नाही. कुणी माझ्या अहवालात असं विधान केलं असतं तर मी लाल पेनानं खोडलं असतं.

"खणखणीत होता, मामी," मी म्हणालो. "पहिल्यासारखा."

"हाव," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला. "लई बोलायची सवय हाय तिला. गप बसाय जमतच न्हाई." आणि कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवून दिला. मी परत मागितला नाही.

तर असं आहे. ग्रुपवर इंजिनिअर आहेत, डॉक्टर आहेत, कुणाला उपकरणांतलं कळत असेल तर जरूर लिहा. मी मीटर बनवणाऱ्या कंपनीला आकृतीसकट विचारलं. उपकरणात दोष नाही असं त्यांचं उत्तर आलं. वारा नाही, पाखरू नाही, सलीमभाई नाहीत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर ते कोण होतं, कुठून आलं याचं मला नकोही आहे. मला एकाच गोष्टीचं हवंय. मीटर आणि मी, दोघं एकाच मैदानात होतो, मध्ये फक्त दहा पावलं. तिचा नवरा मी... मग मीटरला ऐकू आलं, आणि मला का नाही?