अर्ध्या किलोमीटरचे तुकडे

आमच्या पाणी वापर संस्थेत राजेश्री मॅडमना मीच आणलं, हे आधी कबूल करतो. पेडगावच्या शेतकऱ्याच्या घरच्या. परभणीला कॉलेजात गणित शिकवतात आणि वाहत्या पाण्याची समीकरणं कॉम्प्युटरवर सोडवतात. ही समीकरणं कागदावर सरळ सुटत नाहीत. म्हणून कालव्याचं पाणी शेतांपर्यंत नेणाऱ्या आमच्या नऊ किलोमीटरच्या चारीचे त्यांनी अठरा तुकडे पाडले, आणि मिनिटामिनिटाला कुठल्या तुकड्यात किती पाणी, ते काढत पुढे जायचं असं ठरवलं. स्वभाव असा की उत्तर तीनदा तपासल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत. मला त्याचं भारी कौतुक होतं.

आमच्याकडे पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होते. पाणी टोकाला पोचेपर्यंत वरच्यांनी चारीवरची आपली दारं बंद ठेवायची, आणि ते त्यांच्या जिवावर येतं. किती वेळ थांबायचं हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे दर पाळीला भांडण. या जानेवारीत मॅडमनी वेळ काढून दिली. सकाळी सातला सोडलेलं पाणी दोनला टोकाला.

वरच्या गावचे बन्सीधरराव म्हणाले, "तीनपर्यंत थांबतो. त्याच्या फुडं न्हाई."

टोकाला कस्तुराबाईंचा दोन एकर गहू, ऐन दाणा भरायला आलेला. त्यांची विहीर आटली होती.

पाळीच्या दिवशी अडीच वाजले तरी टोकाशी चारी कोरडीच. मॅडम बांधावर मांडी घालून लॅपटॉप उघडून बसल्या. तुकडे पन्नास मीटरचे केले, तर पाणी पोचायची वेळ साडेचारवर गेली. चूक तिथंच कळली. तुकडा अर्ध्या किलोमीटरचा असला, की त्याच्या तोंडाशी आलेलं पाणी गणित तुकडाभर पसरलेलं धरतं आणि लगेच पुढच्याला देऊ लागतं. खरं पाणी अजून मागेच असतं.

"बन्सीधररावांना फोन लावतो," मी म्हणालो.

"थांबा. अजून बारीक तुकडे करून बघते. दुसऱ्यांदा चुकीची वेळ सांगायची नाही."

मीही थांबलो. माझी अक्कल तेव्हा कुठे गेली होती कोण जाणे.

उत्तर आलं, पाणी पावणेपाचला पोचेल. फोन लागला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"उघडली की दारं," बन्सीधरराव म्हणाले. "तीनचा शब्द होता. आता वावरात पाणी शिरलंय, कोणाकोणाला थांबवू?"

"चूक माझी आहे. नवी वेळ पक्की करत बसले," मॅडम म्हणाल्या.

"पक्की कोणी मागितली होती, मॅडम? अडीचला नुसतं चुकलंय म्हणल्या असत्या, तरी आमी सहापर्यंत थांबलो असतो."

टोकाला पाणी आलं ते दोन वाफ्यांपुरतं. कस्तुराबाईंनी तेवढे वाफे भिजवले आणि मॅडमना चहाला घरी बोलावलं. मला तेच जास्त लागलं.

तीन आठवड्यांनी आलेल्या पुढच्या पाळीला मॅडमनी सकाळीच सांगून टाकलं, चार ते सहाच्या मध्ये कधीही, आणि चुकतंय असं वाटलं तर लगेच फोन करीन. बन्सीधरराव कुरकुर न करता थांबले. साडेपाचला पाणी कस्तुराबाईंच्या बांधाशी आलं. त्यांनी ते शेजाऱ्याच्या भुईमुगाकडे वळवून दिलं. त्यांचा गहू तोवर वाळून गेला होता.