वर्गाच्या दारातल्या शेंगा

दहिवलीत आमच्या सोसायटीत वालाच्या शेंगा भाजायला पोपटी लावली की मडक्यातून भांबुर्डीच्या पाल्याचा उग्र, ओलसर वास सुटतो आणि मी अलगद कर्जतच्या कॉलेजात, मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसते.

बाकावर सकाळचं कोवळं ऊन उतरलेलं असतं. मॅडमनी ‘मी कोण?’ या प्रश्नाची दहा उत्तरं लिहायला सांगितलेली असतात. एवढ्यात तोच वास येतो. दारात माझे वडील, अण्णा, हातात वालाच्या शेंगांची पिशवी घेऊन उभे.

“सुमे, रातच्या पोपटीच्या शेंगा हायत गं. खाऊन घे.”

सगळा वर्ग वळून बघत होता. मी उठले आणि कॉलेजात शिकलेल्या शुद्ध सुरात म्हणाले, “आमचा तास सुरू आहे. आपण बाहेर थांबता का?”

अण्णांनी पुढे केलेली पिशवी मागे घेतली. मग खालापूरच्या कचेरीत साहेबांपुढे व्हायचा, तसा त्यांचा आवाज खाली गेला.

“हां, थांबतो. तुमी बसा.”

मी सुटल्यासारखी खाली बसले आणि दहा उत्तरं पूर्ण केली. त्यांत ‘अण्णांची मुलगी’ कुठेच नव्हतं. अण्णांना ते माझा कागद न वाचताच कळलं होतं.