मिस्त्रींचं नाक

भट्टीवरचे आमचे मिस्त्री तळहातावर दोन थेंब स्पिरिट चोळायचे आणि हात तुमच्या नाकाखाली धरायचे. "सांगा बरं, कशाचा वास येतो?" आपण चाचरत "मळीचा" म्हणालो की मान डोलवायचे. "आता कसं बोललात!"

ही गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली. राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या मळीपासून स्पिरिट निघे आणि मी तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस होतो. मळीचा दर्प जावा म्हणून मिस्त्री स्पिरिटची वाफ करवंटीच्या कोळशाने भरलेल्या पिंपातून नेत. कोळसा तो दर्प शोषून घेई. कोळसा कधी बदलायचा हे मिस्त्रींचं नाक ठरवी, आणि त्या नाकावरच त्यांची नोकरी होती. स्वतः मात्र थेंबही घेत नसत. रविवारी चर्चमध्ये दारूविरुद्ध बोलायचे, सोमवारी भट्टी पेटवायचे. कुणी टोकलं तर म्हणत, "आमी पाजत न्हाई, गाळतो."

एका पावसाळ्यात कोळशाची पोती भिजू नयेत म्हणून त्यांनी ती मेव्हण्याच्या किराणा दुकानात ठेवली, नेमकी हिंगाच्या पिशव्यांना खेटून. कोळशाने हिंग मनसोक्त पिऊन घेतला. पुढे त्यातून आलेल्या स्पिरिटचा वास असा सुटला, की फाटकावरचा पहारेकरी आज आमटी कुठली म्हणून विचारायला आला. मिस्त्रींनी तळहात हुंगला आणि मला म्हणाले, "झ्याक!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ते आमची परीक्षा घेत नव्हतेच. बिचारे खरोखर विचारत होते!

कारखान्याचे साहेब तणतणत आले. मी सांगून टाकलं, "मिस्त्रींना न विचारता ती पोती मीच ओतली." यथेच्छ बोलणी खाल्ली. साहेब गेल्यावर मिस्त्री हळूच म्हणाले, "तापात गेलं नाक, भाऊसाहेब. साहेबाला कळलं तर घरी बसवंल. दोन पोरी शिकत्यात."

मग आमची खूण ठरली. साहेबांसमोर मी कान खाजवला तर वास आहे, टोपी सारखी केली तर नाही. मिस्त्री निवृत्त होईपर्यंत मी इतका कान खाजवला, की बायकोने खरजेचं मलम आणलं.

निरोपाच्या दिवशी साहेबांनी मिस्त्रींच्या मनगटावर अत्तर लावलं. "मिस्त्री, ओळखा कुठलं!"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. पण सकाळपासून रडून माझंच नाक चोंदलं होतं. मी हताशपणे मान हलवली. मिस्त्रींनी डोळे मिटून मनगट हुंगलं. "साहेब, ह्याला येकदा कोळशातनं काढाया पायजे." साहेब सगळ्यांत मोठ्याने हसले.

मी जवळ जाऊन कानात सांगितलं, "मिस्त्री, मलाही काही वास येत नाही हो."

"मंग घ्या की माजी जागा," ते म्हणाले.